बटाटा काढणी: पाला बघा, साल तपासा



नोव्हेंबरमध्ये लावलेला बटाटा आता काढणीला येतोय. दर बरा दिसला की व्यापारी घाई लावतो, पण नुसते दिवस मोजून किंवा फोन आला म्हणून काढू नका. कुफरी पुखराज लवकर येतो, कुफरी ज्योतीला साधारण 90 ते 110 दिवस लागतात.

पाला पिवळा पडून लोळायला लागला की पाणी तोडा. 8-10 दिवसांनी पाला जमिनीलगत कापा. मग 10-12 दिवस बटाटा मातीतच राहू द्या, साल तिथंच पक्की होते.

काढायच्या आधी रानाच्या मधली चार-पाच झाडं उकरा (कडेची नकोत) आणि बटाट्यावर अंगठा जोरात घासा. साल सुटली तर थांबा. असा माल गोणीत सोलतो, काळा पडतो, साठवला तर सडतो. लगेच विकायचा असेल तर थोडी कच्ची साल चालेल. बियाण्याला अजिबात नाही.

वाफशावर काढा, सावलीत पसरा. उन्हात हिरवा पडलेला बटाटा घरीही खाऊ नका. आणि ढिगावर बटाट्याचाच पाला झाकायची सवय सोडा, पाकोळी तिथूनच मालात शिरते. कडुलिंबाचा पाला किंवा कोरडं पाचट वापरा.

शंका असेल तर उकरलेल्या बटाट्याचा फोटो ग्रुपवर टाका, नाहीतर दोन-चार बटाटे घेऊन विश्रामबाग ऑफिसला या.