मँचेस्टर : कापसाच्या वाटेने ओळख

शालेय इतिहासात मँचेस्टर हे नाव आपल्याला भेटते ते गिरणीच्या स्वस्त कापडाबरोबर. त्या कापडाने आपल्या विणकरांचे माग बंद पाडले, एवढेच आपण शिकतो. ते खोटे नाही. परंतु उत्तर इंग्लंडातील या शहरात उतरणाऱ्या प्रवाशाने त्या कापडामागची माणसेही पाहावयास हवीत. आणि त्यांच्या खुणा शहराच्या मध्यभागी पायी फिरून पाहता येतात. छत्री मात्र जवळ असावी!

आरंभ व्हिक्टोरिया स्थानकाशेजारच्या चेटम ग्रंथालयापासून करावा. १६५३ साली स्थापन झालेल्या या ग्रंथालयात १८४५ च्या उन्हाळ्यात मार्क्स व एंगल्स खिडकीपाशी वाचीत बसत. एंगल्सच्या वडिलांची मँचेस्टरजवळच्या एका सूतगिरणीत भागीदारी होती. मालकाच्या मुलाने मजुरांच्या वस्त्या हिंडून त्यांच्या दैन्यावर ग्रंथ लिहावा, हा योग विलक्षणच म्हणावयाचा.

तेथून थोड्या अंतरावर रॉयल एक्स्चेंज ही कापूसबाजाराची भव्य इमारत लागते. व्यवहार १९६८ मध्ये थांबले आणि १९७६ पासून त्याच दालनात नाट्यगृह आहे. शेवटच्या दिवसाचे भाव फलकावर अजून तसेच आहेत.

पुढे पीटर स्ट्रीट. येथील मोकळ्या मैदानावर १६ ऑगस्ट १८१९ रोजी मताधिकार मागणाऱ्या सुमारे साठ हजारांच्या सभेत घोडदळ घुसले. पंधराच्या वर माणसे मेली, शेकडो जखमी झाली. वॉटर्लूच्या विजयाला टोमणा म्हणून लोकांनी या कत्तलीला 'पीटर्लू' म्हटले. त्याच जागी उभ्या राहिलेल्या फ्री ट्रेड हॉलमध्ये (आज तेथे हॉटेल आहे) ३१ डिसेंबर १८६२ रोजी आणखी एक सभा भरली. अमेरिकेतील यादवी युद्धात उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे कोंडली होती. कापूस येईना, गिरण्या बंद पडल्या, लँकेशायरमध्ये लाखो लोक मदतीच्या अन्नावर आले. तरीही या सभेतील कामगारांनी लिंकनला पत्र धाडून गुलामगिरीविरुद्धच्या लढ्यास पाठिंबा दिला. सारेच कामगार या मताचे होते असे नव्हे. उपाशी पोटी मतभेद होणारच. पण ज्यांनी पाठिंबा दिला, त्यांनी तो स्वतःच्या भाकरीची किंमत देऊन दिला. लिंकनने जानेवारी १८६३ मध्ये उत्तर पाठविले. जवळच्या लिंकन चौकातील त्याच्या पुतळ्याखाली त्यातील मजकूर कोरलेला आहे.

येथेच आपलाही संबंध येतो. अमेरिकन कापूस अडल्यावर मँचेस्टरने हिंदुस्थानी कापसाकडे हात पसरला. मुंबईचे व्यापारी रातोरात धनवान झाले आणि १८६५ मध्ये युद्ध संपताच तितक्याच वेगाने बुडाले. तिकडे कामगार आपल्या कापसावर नाराज. आखूड धाग्याचा तो कापूस, 'सुरत' या नावाने ओळखला जाई. यंत्रावर तो वारंवार तुटे आणि कामाच्या मापाने मिळणारी मजुरी घटे. वऱ्हाड-खानदेशच्या शेतकऱ्याला चढा भाव देणारी तेजी लँकेशायरच्या विणकरणीला मात्र अर्ध्या मजुरीवर राबवीत होती.