टायरवरील अंक आणि गाडीचा भार

बैलगाडीच्या लाकडी चाकावर लोहार तापवलेली लोखंडी धाव चढवी आणि पाणी ओतताच ती आकसून चाकाला घट्ट आवळून बसे, हे आपल्या वडीलधाऱ्यांनी पाहिलेले आहे. गाडीत ओझे किती भरावे, हे गाडीवानाला बैलांच्या चालीवरून कळे. आज बेळगावची भाजी चोर्ला घाटाने गोव्याकडे नेणाऱ्या पिकअप गाडीला बैल नाहीत. ओझे अधिक झाले तरी इंजिन ते मुकाट्याने ओढीत राहते. म्हणून भाराची मर्यादा टायरवर अंकांनी लिहिलेली असते. ते अंक वाचावयाचे कसे, हे आपण येथे पाहू.

प्रथम एक गोष्ट ध्यानात घेऊ. गाडीचे ओझे मुख्यतः टायरचे रबर तोलीत नाही, तर आत कोंडलेली हवा तोलते. हवा कमी झाली किंवा ओझे मर्यादेबाहेर गेले, की प्रत्येक फेऱ्यात टायरची बाजू अधिक दबते. या सततच्या दबण्याने आत उष्णता वाढते, रबर व त्यातील धागे यांची पकड सैल होते आणि अखेर धावत्या गाडीचा टायर फुटतो. घाटाच्या वळणावर असे घडले, तर परिणाम काय होईल हे सांगावयास नको.

आता एका टायरच्या बाजूवरील लेख वाचू : ‘१९५ आर १५ सी १०६/१०४ आर’. यात १९५ ही मिलिमीटरमधील रुंदी, पहिला ‘आर’ म्हणजे रेडियल रचना, १५ हा चाकाचा इंचांतील व्यास आणि ‘सी’ म्हणजे मालवाहू गाडीचा टायर. शेवटचा ‘आर’ ताशी १७० किलोमीटर ही वेगमर्यादा दाखवितो. आपल्या कामाचा अंक १०६. हा भारनिर्देशांक होय. त्याचा अर्थ, योग्य हवा भरली असता हा टायर एकटा ९५० किलो तोलील. दोन टायर जोडीने बसविले, तर प्रत्येकी १०४, म्हणजे ९०० किलो.

हे अंक किलो नव्हेत, आणि किलोच्या प्रमाणातही वाढत नाहीत. १०० म्हणजे ८०० किलो, तर १२४ म्हणजे १६०० किलो. अंक २४ ने वाढला की भार दुप्पट होतो. लॉगॅरिथम शिकलेल्या विद्यार्थ्यांना यातील मर्म सहज उमगेल.

आता खरा प्रश्न. समजा, मालासह एका पिकअपचे वजन २९०० किलो आहे. चार चाकांनी भागले, तर प्रत्येकी ७२५ किलो येतात. ९७ या अंकाचा टायर ७३० किलो तोलतो. मग तो पुरेसा आहे, असे वाटेल. पण येथेच सरासरी आपल्याला फसविते! माल मागच्या हौद्यात असतो. पुढच्या आसावर ११०० आणि मागच्या आसावर १८०० किलो पडले, तर मागच्या प्रत्येक टायरवर ९०० किलो येतात. म्हणजे ९७ चा टायर १७० किलोंनी अपुरा ठरला. १०४ चा टायर काठोकाठ पुरतो. परंतु माल एका बाजूला सरकला की तोही अपुरा पडेल. म्हणून १०६ चा घेणे शहाणपणाचे. तात्पर्य, हिशेब सर्वाधिक भार सोसणाऱ्या चाकाचा करावा, सरासरीचा नव्हे.

मात्र मोठ्या अंकाचा टायर बसविला म्हणून गाडीत अधिक माल भरण्याची मुभा मिळत नाही. पाटे, आस आणि ब्रेक पूर्वीचेच असतात. गाडी बनविणाऱ्याने सांगितलेल्या अंकाहून कमी अंकाचा टायर कधीही घेऊ नये, आणि हवा त्याच्याच सूचनेप्रमाणे, टायर थंड असताना तपासावी.

थोडे पैसे वाचविण्यासाठी कमी अंकाचा टायर घेण्याचा मोह अनेकांना होतो. ते टायर ज्या गाडीला बसतात, तिच्या चालकाची घरी कोणीतरी वाट पाहत असते, एवढे विसरू नये.

शेवटी एक उदाहरण स्वतः सोडवा : मागच्या आसावर १९६० किलो भार असून त्याला दोनच चाके आहेत. १०७ म्हणजे ९७५ व १०८ म्हणजे १००० किलो. यांपैकी कोणता टायर घ्याल, आणि का?