नावेतील दोन बॅटऱ्या

मुलांनो, शिडाची नाव वाऱ्यावर चालते. मग तिच्यात इंजिन आणि बॅटरी कशाला, असे तुम्हांला वाटेल. पण वारा काही आपला नोकर नव्हे. तो पडला की नाव जागच्या जागी डुलत राहते. म्हणून आजच्या बहुतेक शिडाच्या नावांत एक लहान डिझेल इंजिनही बसवलेले असते.

वीज तर वारा असो वा नसो, लागतेच. भारतीय नौदलाचे दिलीप दोंदे यांनी ‘म्हादेई’ या शिडाच्या नावेतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. ते १९ ऑगस्ट २००९ रोजी मुंबईहून निघाले आणि १९ मे २०१० रोजी मुंबईला परत आले. गोव्यात बांधलेली ही नाव ५६ फूट लांब आहे. एवढ्या लांबच्या सफरीत रात्रीचे दिवे, बिनतारी यंत्र, नावेची जागा दाखवणारे यंत्र ही सारी बंद पडून कशी चालतील?

आता एक प्रसंग डोळ्यांसमोर आणा. एक नाव रात्री खाडीच्या तोंडाशी नांगर टाकून उभी आहे. तिच्यात एकच बॅटरी आहे. नांगराचा दिवा रात्रभर जळतो. आत पंखा चालू आहे, मधूनच पाणी उपसणारा पंप चालतो. समजा, या सर्वांना मिळून ५ अँपिअर वीज लागते. म्हणजे १२ तासांत ६० अँपिअर-तास वीज खर्च झाली. पहाटे नांगर सुटतो. वारा नाही, आणि पाण्याची ओढ नावेला खडकांकडे नेत आहे. नाखवा धावत जाऊन इंजिनाची चावी फिरवतो. ‘टक्’ असा आवाज येतो आणि पुढे काहीच होत नाही! (नाखवा हा शब्द तुमच्या ओळखीचा आहे. उर्दूतला नाखुदा तो हाच.)

इंजिन फिरवणाऱ्या मोटरला गॅरेजवाले ‘सेल्फ’ म्हणतात. सेल्फला काही क्षणच वीज लागते, पण ती शंभर अँपिअरहूनही जास्त असू शकते. रात्रभर रिकामी होत आलेली बॅटरी एवढी वीज देऊ शकत नाही. म्हणून शहाणे नावाडी दोन बॅटऱ्या ठेवतात. एक फक्त इंजिनासाठी. दुसरी दिवे, पंखा, पंप यांसाठी. तिला आपण घरची बॅटरी म्हणू. घरची रिकामी झाली तरी इंजिनाची भरलेलीच राहते.

पण दोन्ही बॅटऱ्या भरायच्या कशा? इंजिनावर अल्टरनेटर तर एकच असतो. इंजिन फिरले की पट्ट्याने अल्टरनेटरही फिरतो. त्याच्या आतले विद्युतचुंबक तारांच्या वेटोळ्यांमध्ये फिरते आणि प्रत्यावर्ती धारा निर्माण होते. डायोड तिचे दिष्ट धारेत रूपांतर करतात. १२ व्होल्टची बॅटरी भरण्यासाठी त्यातून सुमारे १४.२ व्होल्ट मिळतात.

दोन्ही बॅटऱ्या तारेने कायमच्या जोडून टाकल्या तर? तळाशी नळीने जोडलेल्या दोन टाक्या आठवा. एकीतले पाणी काढले की दुसरीचेही उतरते. बॅटऱ्यांचे तसेच होईल, आणि पहाटे पुन्हा तोच ‘टक्’. म्हणजे भरताना बॅटऱ्या एकत्र हव्यात आणि खर्च करताना वेगळ्या.

यासाठी काही जण मध्ये डायोड बसवतात. डायोडमधून वीज एकाच दिशेने जाते, त्यामुळे एका बॅटरीची वीज दुसरीत उतरत नाही. पण साधा डायोड स्वतःच सुमारे ०.७ व्होल्ट खातो. १४.२ मधून ०.७ गेले की उरतात १३.५. तेवढ्यावर बॅटरी नीट भरत नाही.

दुसरा उपाय हाताने फिरवायच्या स्विचचा. त्यावर ‘एक’, ‘दोन’, ‘दोन्ही’ आणि ‘बंद’ अशा खुणा असतात. उपाय स्वस्त आहे, पण थकलेला माणूस स्विच फिरवायला विसरतो. शिवाय इंजिन चालू असताना तो ‘बंद’वर नेला, तर अल्टरनेटरच्या विजेला वाट राहत नाही. व्होल्टेज एकदम उसळते आणि डायोड जळून जातात.

मला रिलेची पद्धत अधिक पसंत आहे. अल्टरनेटरची जाड तार घरच्या बॅटरीच्या धन टोकाला जोडतात, कारण जास्त रिकामी होते ती हीच. तेथून दुसरी जाड तार रिलेतून इंजिनाच्या बॅटरीच्या धन टोकाला जाते. दोन्ही बॅटऱ्यांची ऋण टोके एकमेकांना जोडलेली असतात. घरच्या बॅटरीवर साधारण १३.३ व्होल्ट आले की रिले दोन्ही बॅटऱ्या जोडतो. इंजिन थांबून व्होल्टेज १२.८ च्या आसपास उतरले की त्यांना वेगळे करतो. कोणाला काही आठवणीत ठेवावे लागत नाही. मात्र ही सोय शिसे-आम्ल बॅटऱ्यांची आहे. हल्ली मिळणाऱ्या लिथियम बॅटरीसाठी वेगळी व्यवस्था करावी लागते.

तार जाड का? ओहमचा नियम लावून पाहा. तारेचा रोध फक्त ०.००५ ओहम आणि धारा ६० अँपिअर असली, तरी ०.३ व्होल्ट वाटेतच जातात. आणि फ्यूज बसवावा तो बॅटरीच्या अगदी जवळ. नाव सतत हलते, तार घासते, तिचे आवरण फाटते. अशा तारेतून बॅटरीची वीज उसळली तर आग लागायला वेळ लागत नाही. आणि समुद्रात पळून जायला जागा कुठे आहे?

जोडणी झाल्यावर व्होल्टमीटर लावून पाहावे. इंजिन बंद असताना भरलेली बॅटरी १२.७ च्या जवळ दिसते. इंजिन सुरू केल्यावर आधी घरच्या बॅटरीचा आकडा चढतो. थोड्या वेळाने रिलेचा बारीक आवाज येतो आणि इंजिनाच्या बॅटरीचा आकडाही चढू लागतो.

शब्दार्थ
शीड – बादबान
नांगर – लंगर
पृथ्वीप्रदक्षिणा – पृथ्वीभोवतीची फेरी
धन, ऋण – मुसबत, मनफी
रोध – विजेच्या वाटेतला अडथळा

स्वाध्याय
१. नाखव्याचे इंजिन का सुरू झाले नाही?
२. दोन टाक्यांच्या उदाहरणातून लेखकाला काय सांगायचे आहे?
३. वाक्यात उपयोग करा : वारा पडणे, डोळ्यांसमोर आणणे.
४. रिलेच्या जोडणीची आकृती काढा आणि भागांची नावे मराठीत लिहा.