हिवाळ्यात चेनसॉ वापरताना हातांची काळजी

जबलपूर परिसरात डिसेंबर-जानेवारीत पहाटेचे तापमान अनेकदा १० अंश सेल्सिअसच्या खाली उतरते आणि नर्मदेच्या खोऱ्यात सकाळी धुके व दव असते. बांधावरील बाभूळ व साग यांची तोड, फळबागेतील वाळलेल्या फांद्यांची छाटणी आणि सरपणाची तयारी ही कामेही याच दिवसांत केली जातात. पूर्वी कुऱ्हाड व करवतीने होणाऱ्या या कामांसाठी आता चेनसॉचा वापर वाढला आहे. कुऱ्हाड चालवताना सर्व शरीराची हालचाल होऊन हात आपोआप गरम राहतात. चेनसॉ चालवताना मात्र बोटे एकाच स्थितीत मूठ आवळून असतात, त्यांना सतत कंपने बसतात आणि थंडीही लागते. त्यामुळे थंडीत हात उबदार ठेवणे हा कामाच्या सुरक्षिततेचाच भाग मानावा.

बोटे का बधिर होतात?

थंडी लागली की शरीर पोटा-छातीतील उष्णता राखण्यासाठी हातापायांच्या टोकांकडील रक्तवाहिन्या आकुंचित करते. यंत्राच्या कंपनांमुळेही बोटांतील रक्तवाहिन्या आकुंचन पावतात. मूठ घट्ट आवळल्यास रक्तप्रवाह आणखी मंदावतो. ही तिन्ही कारणे एकत्र आली की प्रथम मुंग्या येतात, नंतर बधिरता येते. वर्षानुवर्षे असे काम करणाऱ्यांची बोटे थंडीत पांढरी पडू लागतात. या विकारास ‘श्वेतबोट’ असे म्हणता येईल. अमेरिकेतील डॉ. ॲलिस हॅमिल्टन यांनी १९१८ मध्ये इंडियाना राज्यातील दगडखाणींत हवेच्या दाबावर चालणारी हत्यारे वापरणाऱ्या कामगारांत हा विकार नोंदवला होता. थंड सकाळी त्यांचा त्रास अधिक असे.

विकार वाढल्यास बोटांची स्पर्शजाणीव व पकड कायमची कमी होऊ शकते. शर्टाची बटणे लावणे, बी चिमटीत धरणे, गाईचे दूध काढणे अशी रोजची कामेही मग अवघड होतात. तात्काळ धोका त्याहून मोठा आहे. बधिर बोटांना थ्रॉटलवरील दाब कळत नाही, आणि पात्याच्या टोकाचा लाकडास स्पर्श होऊन यंत्र उसळले तर मूठ हातातून सुटू शकते.

किती वेळ काम करावे?

युरोपीय संघाच्या २००२ मधील निर्देशानुसार, आठ तासांच्या सरासरीने हातास बसणारी कंपने २.५ मीटर प्रति सेकंद वर्ग या पातळीस पोहोचली की उपाययोजना सुरू करावी लागते. ५ ही कमाल मर्यादा आहे. यंत्राच्या माहितीपुस्तिकेत पुढील व मागील मुठीची कंपने दिलेली असतात. त्यांतील मोठा आकडा धरावा. यंत्राची कंपने ५ असल्यास २ तासांत, ७ असल्यास सुमारे १ तासात, तर १० असल्यास अर्ध्या तासातच उपाययोजनेची पातळी गाठली जाते. येथे यंत्र प्रत्यक्ष चालू असलेला वेळच मोजावा. कंपने दुप्पट झाली की सुरक्षित वेळ चौथ्या हिश्श्यावर येतो, हे सूत्र लक्षात ठेवावे.

चांगल्या यंत्रामुळे किती फरक पडतो याचे उदाहरण फिनलंडमध्ये आहे. तेथील सुओमुस्सल्मी भागातील वनकामगारांत श्वेतबोटाचे प्रमाण १९७२ मध्ये ४० टक्के होते. ते १९९० मध्ये ५ टक्क्यांवर आले. या काळात चेनसॉची कंपने बरीच कमी झाली होती.

करावयाची उपाययोजना

१. सकाळी दव ओसरल्यावर व ऊन पडल्यावर काम सुरू करावे. कामापूर्वी पाच-दहा मिनिटे हात फिरवून, चालून शरीर गरम करावे.

२. छाती, मान व डोके उबदार ठेवावे. मध्य शरीर थंड असल्यास केवळ जाड हातमोजांनी बोटे गरम राहत नाहीत. मफलरची टोके मात्र कपड्यांत खोचावीत.

३. बोटे वेगळी असलेले, तळव्यास चामडे असलेले व हातास नीट बसणारे हातमोजे वापरावेत. फार जाड मोजांमुळे मूठ अधिक आवळावी लागते. घामाने किंवा दवाने ओले झालेले मोजे तात्काळ बदलावेत. त्यासाठी एक जास्तीची जोडी जवळ ठेवावी.

४. अंगठा मुठीभोवती पूर्ण वळवून यंत्र धरावे, परंतु गरजेपेक्षा जास्त जोर लावू नये. यंत्राचा भार शक्यतो लाकडावर टेकवावा.

५. साखळी धारदार ठेवावी. बोथट साखळीने कंपने, जोर व वेळ तिन्ही वाढतात. कंपने शोषणारे रबर किंवा स्प्रिंग तडकले असल्यास ते लगेच बदलावेत.

६. पेट्रोल हातावर सांडू देऊ नये. ते झपाट्याने उडून जाताना त्वचेची उष्णता ओढून घेते. इंधन भरताना शेकोटीपासून दूर राहावे.

७. दर १५-२० मिनिटांनी थांबून साखळी लावणे, फांद्या ओढणे अशी अन्य कामे करावीत, किंवा दुसऱ्या प्रशिक्षित व्यक्तीकडे यंत्र सोपवावे. तंबाखू व विडी टाळावी. निकोटिनमुळे रक्तवाहिन्या आकुंचन पावतात.

बोटे बधिर झाल्यास

यंत्र त्वरित बंद करावे. हात काखेत धरावेत किंवा कोमट पाण्यात ठेवावेत. बधिर बोटे शेकोटीवर किंवा यंत्राच्या तप्त सायलेन्सरजवळ नेऊ नयेत. चटका बसला तरी ते कळत नाही. संवेदना पूर्ववत होईपर्यंत पुन्हा काम सुरू करू नये. बोटे वारंवार पांढरी पडत असल्यास किंवा रात्री मुंग्या येत असल्यास डॉक्टरांना दाखवावे व आपण चेनसॉ वापरतो हे आवर्जून सांगावे.

विस्तार कार्यकर्त्यांसाठी

चेनसॉ बहुधा शेतमालक नव्हे, तर झाडामागे मजुरी घेणारा मजूर चालवतो. तोड लवकर संपवण्याच्या घाईत विश्रांती टाळली जाते. म्हणून प्रात्यक्षिकाच्या वेळी मजुरांनाही बोलवावे आणि मजुरी ठरवताना विश्रांतीचा वेळ धरावा, असे शेतकऱ्यांना सुचवावे. जास्तीच्या हातमोजांची जोडी आणि दर तासाची थोडी उसंत यांचा खर्च अल्प आहे. त्यातून वाचणारी बोटे मात्र मजुराच्या पुढील अनेक हंगामांची कमाई असतात.