बिल्डिंग सायन्समधील संशोधन-पदवी : एक वाट



आपल्याकडील मुलगा किंवा मुलगी सिव्हिल इंजिनिअर वा आर्किटेक्ट झाली की घरची मंडळी सरकारी नोकरी आणि ठेकेदारी या दोनच वाटा दाखवितात. तिसरी वाट संशोधनाची आहे. तिची माहिती सोयगावसारख्या ठिकाणी सहसा पोहोचत नाही, म्हणून हा लेखप्रपंच.

उभी राहिलेली इमारत ऊन, ओल, आवाज, कीड यांच्याशी कशी वागते, याचे शास्त्र म्हणजे बिल्डिंग सायन्स. मे महिन्यात भरदुपारी पत्र्याच्या घरात बसवत नाही. जुन्या धाब्याच्या घरात मात्र त्याच वेळी म्हातारी माणसे डुलकी घेतात. पत्रा उष्णता लगेच आत सोडतो. मातीचा जाड थर ती दिवसभर अडवून धरतो आणि रात्री सावकाश सोडतो. (म्हणूनच धाब्याच्या घरातले लोकही रात्री अंगणात बाजा टाकतात!) हे आपण सारे जाणतो. किती जाडीच्या मातीने किती अंश फरक पडतो, हे मोजून सिद्ध करणे म्हणजे संशोधन.

याचे उत्तम उदाहरण आपल्या दारातच आहे. अजिंठा लेणी सोयगाव तालुक्यात येतात. तेथील चित्रांखाली मातीचा गिलावा आहे. पुरातत्त्व खात्यातील रसायनतज्ज्ञ मॅनेजर राजदेव सिंग आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठातील वनस्पतिशास्त्रज्ञ एम. एम. सरदेसाई यांनी २०१६ साली 'करंट सायन्स'मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला. वेरूळच्या गिलाव्यातील धागे सूक्ष्मदर्शकाखाली तपासून ते भांगेच्या झाडाचे असल्याचे त्यांनी दाखविले. अजिंठ्यात भांग नाही, तेथील किमान २५ टक्के चित्रे किडीने नष्ट झाली. वेरूळचा गिलावा मात्र टिकला, असे त्यांचे म्हणणे.

येथे विद्यार्थ्याने थांबून शंका घ्यावी. अजिंठा वाघूर नदीच्या घळीत, वेरूळ उघड्या उतारावर. मग फरक भांगेचा की जागेतील ओलीचा? त्यासाठी भांग घातलेले व न घातलेले नमुने एकाच ओलीत ठेवून पाहावे लागतील. भांग लावायला परवाना लागतो. पण अंबाडी आपल्या बांधावर आहे. तिचा धागा हेच काम करील काय? असा एक नेमका प्रश्न म्हणजे अर्धा प्रबंध होय.

आता पदवीविषयी. साध्या एम.टेक.मध्ये भर वर्गातील विषयांवर असतो, प्रबंध शेवटी येतो. संशोधन-पदवीत विषय थोडे आणि प्रबंध हाच गाभा. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत एम.टेक. (रिसर्च) आहे, तेथेच १९७४ पासून 'अस्त्र' केंद्राने ग्रामीण भागासाठी काम केले आणि दाबून केलेल्या मातीच्या विटांवर संशोधन झाले. मद्रास आयआयटीत एम.एस. (रिसर्च) आहे. रूरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेत पीएच.डी. करता येते. एम.टेक. वा एम.एस.साठी बहुधा 'गेट' परीक्षा द्यावी लागते. तिचे गुण तीन वर्षे चालतात. पीएच.डी.साठी अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांना पुण्याच्या बार्टीची अधिछात्रवृत्ती आणि परदेशी जाण्यासाठी केंद्राची नॅशनल ओव्हरसीज स्कॉलरशिप आहे. अटी व मुदती बदलत असतात, तेव्हा मूळ जाहिरातच वाचावी. ऐकीव माहितीवर फॉर्म भरू नये.

बाबासाहेबांनी लंडनमध्ये १९२१ ची एम.एस्सी. आणि १९२३ ची डी.एस्सी. प्रबंध लिहूनच मिळविली, हे आपणास ठाऊक आहेच.

मार्गदर्शक निवडताना संस्थेच्या नावापेक्षा त्या प्राध्यापकांचे अलीकडचे दोन-तीन निबंध वाचा. मग पत्र लिहा. पत्रात 'मला आपल्या हाताखाली काम करायचे आहे' एवढेच लिहिणारे शेकडो असतात. तुम्ही येत्या मे महिन्यात दोन साधे तापमापक घ्या. एक पत्र्याच्या घरात, एक धाब्याच्या घरात, जमिनीपासून सारख्याच उंचीवर टांगा. पंधरा दिवस दर तीन तासांनी, रात्रीसुद्धा, आकडे वहीत उतरवा. दार उघडे होते की बंद, हेही लिहा. ती वही पत्रासोबत जोडा.