उसने, उधार आणि उचल

या अंकातील पाठ पाच ते आठ वर्षांच्या मुलांसाठी आहे. बालवाडीताईंनी तो दोन दिवसांत घ्यावा. घरी आईवडील किंवा आजीही घेऊ शकतील. साहित्य थोडेच: चिंचोके, एक वाटी आणि टोपलीभर भात.

पहिल्या दिवशी दुकान मांडा. प्रत्येक मुलाला दहा चिंचोके, म्हणजे दहा रुपये द्या. साबण पाचला, पेन्सिल तीनला, खाऊचे पाकीट पाचला, फुगा दोनला. बहुतेक हात आधी पाकिटाकडे जातील. जाऊ द्यावेत, रागावू नये. मग एकच प्रश्न विचारा: हे आणले नाही तर उद्या काय अडेल? साबण आणि पेन्सिल घेणाऱ्याकडे दोन चिंचोके उरतात आणि त्यात फुगाही येतो, हे मुलांना स्वतःच मोजू द्या. हौस म्हणजे पाप, असे मात्र शिकवू नका. जत्रेतला पाळणा आणि बाजारातली भजी आपल्यालाही हवी असतातच.

दुसऱ्या दिवशी भात घ्या. काकीकडून वाटीभर आणले, वाटीभरच परत केले, ते उसने. दुकानदाराने वहीत लिहून माल दिला, ती उधारी. तेथे वहीतला आकडा आपल्याला वाचता आला पाहिजे. आता दिढीचा खेळ. एका मुलाला आषाढात चार वाट्या द्या आणि कापणीला सहा परत मागा. टोपलीत काय उरले ते सर्वांना दाखवा. या वयात व्याज शब्दाने कळत नाही, रिकाम्या टोपलीने कळते.

चौथा शब्द उचल. तो आपल्या मुलांनी घरी ऐकलेला असतो. दिवाळीनंतर वीटभट्टीवर जाण्याआधी हातात पैसे मिळतात, ते लग्नाला, आजारपणाला किंवा पावसाळ्यातल्या खाण्याला गेलेले असतात. हंगाम संपताना उचल फिटली नाही, तर पुढच्या वर्षी त्याच मालकाकडे जावे लागते. मुलेही बरोबर जातात आणि शाळा सुटते. मोठ्या मुलांना येथे थोडा इतिहास सांगावा. ठाणे जिल्ह्यात लग्नासाठी कर्ज काढून मालकाकडे राबणाऱ्याला लग्नगडी म्हणत. 1945 साली गोदावरी परुळेकर यांच्या साथीने वारली उठले, ते या वेठीविरुद्धही होते. वेठबिगारी बंद करणारा देशाचा कायदा 1976 चा आहे.

खाऊच्या पाकिटामुळे कोणाचे घर कर्जात बुडत नाही, हे ताईंनी लक्षात ठेवावे. घर बुडते ते दिढीने आणि मालकाच्या एकट्याच्या वहीने. म्हणून या पाठात काटकसरीपेक्षा मोजणीला जास्त वेळ द्या. लूककृत शुभवर्तमानाच्या 14व्या अध्यायात येशू बुरूज बांधू पाहणाऱ्या माणसाविषयी बोलतो. तो आधी बसून खर्चाचा हिशोब करतो. मुलांना ही गोष्ट भिंतीवर चित्र काढून सांगता येईल.

घरी कोणाचे किती देणे आहे, हे वर्गात विचारू नये. एखादे मूल आपणहून सांगू लागले तर ऐकून घ्यावे आणि नंतर त्याच्या आईला एकटीला भेटावे. भट्टीवर निघणाऱ्या घरी एक छोटी वही द्यावी. घेतलेली उचल आणि रोज पाडलेल्या विटा त्यात लिहिण्याचे काम मोठ्या मुलाकडे किंवा मुलीकडे सोपवावे.