बर्फाचं गाव, उन्हाचा ताणा

डिसेंबर सरत आलेला. अंबड तालुक्यातली एक वस्ती, पहाटेची बोचरी थंडी. आबा तीन दगडांच्या चुलीवर पातेलं ठेवून बसलेत. रात्री उशिरा मनालीहून आलेली नात कुलूची शाल पांघरून चुलीजवळ सरकते आणि मोबाईलमधले बर्फाचे फोटो पुढे करते.

आबा : एवढं पांढरं? डोळे नाही दिपले?

नात : दिपले ना, काळे चष्मे लावूनच फिरत होतो. पण खरी गंमत पुढंच आहे. एका घरात आजी तंदूरजवळ बसून लोकरीचे मोजे विणत होत्या. बाहेर बर्फ भुरभुरतोय आणि आत त्यांच्या सुया चाललेल्या. मला तुमचीच आठवण आली. वाटलं, आपल्याकडं बर्फ पडला असता तर तुम्हीपण असेच निवांत विणत बसला असता.

आबा : बर्फ पडला असता तर माझा माग बंदच पडला असता, माय.

नात : तो कसा? तिकडं तर बर्फामुळंच विणकाम चालतं. पूर्वी हिवाळ्यात रोहतांगची खिंड बंद झाली, की लाहौलच्या लोकांना कित्येक महिने बाहेर पडता येत नसे. शेत बर्फाखाली, रस्ता बर्फाखाली. मग घरात बसून सूत काढायचं आणि विणायचं. ३ ऑक्टोबर २०२० ला अटल बोगदा सुरू झाला, तेव्हा कुठं त्यांची कोंडी फुटली.

आबा : त्यांना बर्फ मागावर बसवतो, आपल्याला ऊन बसवतं. ताण्याला खळ लागते ना. चिंचोके भाजायचे, टरफलं काढून भिजवायचे, दळून शिजवायचे. ती चिकट खळ उभ्या धाग्यांवर कुंच्यानं चढवायची आणि ताणा तसाच उघड्यावर वाळू द्यायचा. लोकरीच्या धाग्याला बारीक कुस असते. खळ नसली तर फणीतून जाताना एक धागा दुसऱ्याला धरतो, सगळा गुंता. खळीनं कुस चापून बसते. पण ती वाळायला कोरडं ऊन लागतं. पावसाळ्यात सगळा खोळंबा. हिवाळ्यात मात्र हवा कोरडी, ऊन मऊ, अंग भाजत नाही. आमचे हेच दिवस कामाचे.

नात : म्हणजे घोंगडी पावसासाठी, आणि विणायची मात्र पाऊस नसताना.

आबा : मग? छत्रीसुद्धा पाऊस यायच्या आधीच घ्यावी लागते.

नात : आणि पातेल्यात काय शिजतंय? मला वाटलं चहा.

आबा : डाळिंबाची सालं. घे चाखून.

*(नात वाकून वास घेते. तुरट, ओलसर, थोडा लाकडासारखा वास. पाणी मधासारखं पिवळट झालेलं.)*

आबा : पांढऱ्या लोकरीची लड आहे, काठासाठी. आमच्या आज्याच्या काळात घोंगडीला रंग म्हणजे मेंढीचाच : काळा, पांढरा, तपकिरी. काळ्यावर काय रंग चढणार? आता शहरातलं गिऱ्हाईक म्हणतं, काठाला जरा रंग द्या. मग पांढरी लोकर वेगळी निवडायची. लड रात्रीच तुरटीत मुरवून ठेवली होती. शंभर ग्रॅम लोकरीला दहा-पंधरा ग्रॅम तुरटी, सालं लोकरीच्या वजनाइतकी.

नात : तुरटी कशाला? रंग नुसता नाही बसत?

आबा : बसतो, पण पाहुण्यासारखा. दोन धुण्यांत निघून जातो. तुरटी रंगाला लोकरीशी बांधून ठेवते. ह्यात थोडं लोखंडाचं पाणी पडलं, की हाच पिवळा हिरवट-करडा होतो. म्हणून बघ, पातेलं लोखंडी घेतलं नाही.

नात : मग जाळ मोठा करू? लवकर होईल.

आबा : खबरदार! खळखळून उकळलं आणि वर काठीनं घुसळलं, तर सूत राहणार नाही, नमदा होईल.

नात : थांबा, हे मला कॉलेजात शिकवलंय. लोकरीच्या केसावर घराच्या कौलांसारखे खवले असतात. गरम पाण्यात ते उचलले जातात, आणि हलवलं की एकमेकांत अडकून बसतात. मग कितीही ओढलं तरी सुटत नाहीत. सोड्याचं पाणी असेल तर आणखीच.

आबा : कौलं मी पाहिली नाहीत, पण नमदा झालेला पाहिलाय. मुद्दाम केला, तर त्याचा बुरणूस होतो, कामाचा असतो. चुकून झाला, तर नुसती लोकर गेली. म्हणून मंद आच, तासभर. मग लड पातेल्यातच गार होऊ द्यायची. गरमातून काढून हौदात बुचकळायची नाही.

नात : पण आबा, खरं सांगू? आपली घोंगडी टोचते. ही शाल बघा, गालाला लावली तरी कळत नाही.

आबा : *(शाल दोन बोटांत धरून)* मऊ आहे खरी. मेंढी कुठली?

नात : मेरिनोची लोकर असेल. तिचा केस चोवीस मायक्रॉनच्या आत. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आपल्या दख्खनी मेंढीचा केस त्याच्या दुपटीच्या आसपास जाड आणि पुष्कळदा आतून पोकळ.

आबा : तरीच! पोकळ केसावर रंग फिकट दिसतो. आत्ता लड बाहेर काढली की बघ, कुठं गडद कुठं फिकी. गिऱ्हाईक त्याला डाग म्हणतं. डाग नव्हे तो, मेंढीची सही आहे. आणि आपल्या मेंढीला लोकरीसाठी कुणी निवडून वाढवलीच नाही. कुसळं खाऊन उन्हात कोसन् कोस चालायचं तिचं काम. वर्षातून दोनदा कातरली तरी किलोभरही लोकर देत नाही. अडीच-तीन किलोच्या घोंगडीला चार-पाच मेंढ्या लागतात. कातरायची मजुरीसुद्धा लोकरीतून निघत नाही, म्हणून लोक ती बांधावर टाकून देतात. ते मात्र बघवत नाही. तरी त्यातल्या त्यात मऊ हवी असेल, तर जावळाची घे. कोकराची पहिली कातरण.

नात : ती असली की टोचत नाही?

आबा : टोचते. पण माया करून टोचते.

*(दोघंही हसतात. चुलीतला निखारा आबा मागं ओढतात.)*

नात : आणि ते ‘भिजत घोंगडं’? आमच्या ऑफिसात रोज कुणी ना कुणी म्हणतं. घोंगडी जर पावसासाठी, तर भिजल्यावर एवढी बदनामी कामून?

आबा : पहिली सर ती वरच्यावर झटकते. मेंढीचा चिकटपणा अंगात असतो ना. डोक्यावर खोळ करून मेंढक्या दिवसभर रानात उभा राहतो. पण एकदा का पाणी आत मुरलं, की दोन माणसांनी उचलावी लागते आणि वाळायला दिवस लागतात. म्हणून ती म्हण. कुजत मात्र नाही लवकर.

नात : आणि लोकर वजनाच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्शाएवढी वाफ पोटात घेते, तरी हाताला ओली लागत नाही. वाफ धरताना थोडी ऊबसुद्धा सुटते. म्हणून ओल्या हवेत सुती चादरीपेक्षा ती बरी वाटते.

आबा : ते मला ११ फेब्रुवारी २०१८ ला कळलं. तू बर्फ बघायला मनालीला गेलीस, आपल्या जालन्यात तो असा आला होता. गारा. सकाळची वेळ, घटकाभरात रान पांढरं. तुझ्या फोटोत दिसतं ना, अगदी तसं. फरक एवढाच, की त्या पांढऱ्याखाली गहू, हरभरा, मोसंबी सगळं झोडपलेलं. माणसंही गेली त्या दिवशी, जालना जिल्ह्यात. मी वाड्यावर होतो. घोंगडी चौपदरी करून डोक्यावर धरली. टणाटण बसत होत्या, पण डोकं शाबूत राहिलं. ज्या मेंढ्या नुकत्याच कातरल्या होत्या, त्या मात्र गारठून कोपऱ्यात एकमेकींत घुसल्या होत्या. अंगावर लोकर असलेल्या मेंढ्या घटकाभरात चरायलाही लागल्या.

*(नात मोबाईल उलटा ठेवते. बर्फाचे फोटो आणखी दाखवायचे राहून जातात. पातेल्यातली वाफ विरळ झालेली. आबा बोट बुडवून बघतात, मग काठीनं लड उचलतात. पिवळ्याधमक पाण्याची धार लागते. लड एका बाजूला मोहरीच्या फुलासारखी, दुसऱ्या बाजूला ताकात हळद पडावी तशी.)*

नात : ही फिकी बाजू मी माझ्यासाठी ठेवू?

आबा : लड एकच असते पोरी, बाजू कशी कापणार? पिळू नको, नुसती दाब. सावलीत टाक. आणि ती शाल काढून ठेव, खळीचे डाग पडतील. ऊन भिंतीवर आलं. चल, ताण्याचं तिकडचं टोक धर.